मजुरीची ओळ

गॅरेजचं बिल लोक शेवटच्या आकड्यापासून वाचतात. मी वरून खाली वाचते, कारण तेच माझं काम आहे. कराड-मलकापूरच्या पट्ट्यात हायवेलगत जी गॅरेजं, पंप-नोझलची दुकानं आणि ट्रॅक्टरची वर्कशॉप आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचे हिशेब मी लिहिते आणि जीएसटीची रिटर्न भरते. बिलात वर स्पेअर असतात. फिल्टर, पाइप, सील किट, इंजेक्टर; प्रत्येकाचा नंबर, नग, दर. आणि सगळ्यात खाली, बहुतेक वेळा घाईत खरडलेली एक ओळ असते : मजुरी. तिच्यासमोर आठशे, बाराशे, फार तर दोन हजार.

त्या ओळीत काय काय कोंबलंय ते हिशेबात कळत नाही. गाडी कशानं बंद पडली हे शोधण्यात गेलेला अर्धा दिवस तिच्यात असतो आणि शेवटी पाना फिरवायला लागलेली वीस मिनिटंही तिच्यातच. गिऱ्हाईक पैसे देतं ते पान्याचे. शोधण्याचे पैसे कुणी मागत नाही, कुणी देत नाही. मग मिस्त्री ते काढतो स्पेअरमधून. कधी दुकानदाराच्या कमिशनमधून, कधी बदलायची गरज नसलेला पार्ट बदलून. गिऱ्हाइकाला संशय येतो, ते मजुरीवर घासाघीस करतं, आणि मिस्त्री स्पेअरवर आणखी अवलंबून राहतो. डिझेल मेकॅनिकच्या धंद्याची पत आपल्याकडे घसरली ती ह्या चक्रामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. काळ्या हातांचा त्यात फारसा दोष नाही. आणि ज्यांनी हे चक्र तोडलं त्यांची कमाई मी दरवर्षी मार्चअखेर बघते. ती चांगली आहे, आणि दहावीच्या मुलांच्या आईवडिलांपर्यंत ही गोष्ट पोचत नाही याचं मला वाईट वाटतं.

आमचे अण्णा पंपवाले. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांनी शिकाऊ उमेदवारी केली, काही वर्षं डेपोत काढली आणि मग हायवेला गाळा घेऊन डिझेल पंपाचं दुकान टाकलं. पंप म्हणजे गाडीत तेल भरायचा तो नव्हे. इंजिनाच्या कडेला बसवलेला, प्रत्येक सिलिंडरला मोजून डिझेल पाठवणारा पंप. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला हे इंजिन चालवून दाखवलं. तत्त्व आजही तेच आहे. फवारा किती, कधी आणि किती बारीक, ह्या तीन प्रश्नांवर अण्णांचं घर चाललं. आम्ही शिकलो, माझं लग्न झालं, ते ह्याच तीन प्रश्नांवर.

दुकानाच्या मधोमध टेस्ट बेंच होता. पंप त्यावर चढवायचा, मोटरनं फिरवायचा, की सहा पाइपांतून सहा काचेच्या मापांत तेल पडायला लागायचं. ठरावीक स्ट्रोक झाले की बेंच थांबवायचा, फेस बसू द्यायचा आणि मान खाली घालून सहाही मापं डोळ्यांच्या रेषेत आणून बघायची. एखाद्या मापात तेल कमी भरलं तर त्या एलिमेंटची स्लीव्ह सैल करून केसभर फिरवायची, पुन्हा कसायची आणि सगळं पहिल्यापासून. सहाही मापं एका ओळीत येईपर्यंत अण्णा उठत नसत. जेवायला हाक मारली तर हात वर करून दाखवत, बोलत नसत.

एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि त्याचं बॅरल. दोन्ही जोडीनं घासून तयार केलेले असतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलला चालत नाही. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. ती फट मोजायला अण्णांकडे यंत्र नव्हतं. ते जोडी स्वच्छ डिझेलमध्ये बुडवत, बॅरल तिरकं धरत आणि प्लंजर सोडत. तो स्वतःच्या वजनानं सावकाश, एका लयीत खाली उतरला पाहिजे. धाडकन पडला तर झिजलाय. मध्येच थांबला तर घाण तरी आहे, नाहीतर चरा. घासलेल्या अंगाला बोट लावायची सक्त मनाई, घामानं गंज चढतो. लहानपणी मला तो प्लंजर फक्त शेपटीकडून धरायची परवानगी होती आणि मी ती फार मानानं वापरायची.

सिलिंडरमध्ये फवारा मारणारं तोंड म्हणजे नोझल, त्याची परीक्षा कानानं. टेस्टरचा दांडा दाबला की दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा दोनशे बारच्या आसपास चढायचा आणि नोझल उघडायचं. चांगलं नोझल करकरतं आणि धुक्यासारखा फवारा मारतं. गेलेलं नोझल मुकाट्यानं थेंब टाकतं. नाशिकच्या कारखान्यातून आलेल्या ‘मायको’च्या नोझलचा आवाज अण्णांच्या कानात इतका बसला होता की मागच्या खोलीत जेवताना पोरानं दांडा दाबला तरी ते सांगत, ‘गेलंय, बाजूला ठेव.’ त्या कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, पण आमच्याकडे जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात.

आता पैशाचं. अण्णांना कॅलिब्रेशनचे, म्हणजे मापं जुळवून देण्याचे, पैसे मागायला कधी लाज वाटली नाही आणि गिऱ्हाइकालाही द्यायला जड गेलं नाही. पंप खोलून एकही पार्ट न बदलता नुसता बांधून, लावून दिला तरी पैसे घेत. कारण बेंच समोर दिसत होता. सहा मापं दिसत होती, आधीची वाकडी आणि नंतरची सरळ. पण त्याच हायवेवर एखादा मिस्त्री ट्रकखाली शिरून, लाइन चाचपून सांगायचा, ‘पंप काढू नका, फिल्टरच्या वॉशरमधनं हवा धरतीय.’ त्यानं गाडीमालकाचे हजारो रुपये वाचवलेले असायचे. त्याला काय मिळायचं? चहा. अण्णांना हे फार खटकायचं. अशा मिस्त्रीनं पाठवलेल्या गाडीचं काम ते आधी घेत. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

त्या पिढीचं निदान बरंचसं धुरावर चालायचं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे रिंगांवरून इंजिन ऑइल वर येतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर हेडमधून पाणी. चढाला गाडी कशी ओढते, सोडल्यावर धूर किती वेळ रेंगाळतो, सकाळी पहिल्या स्टार्टला काय रंग असतो, हे सगळं वाचायचं. मिसिंग करणारं इंजिन असेल तर चालू ठेवून एकेका नोझलचा नट सैल करायचा. ज्याचा सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. साधी, खात्रीची पद्धत.

ती पद्धत आज जीव घेऊ शकते. जुन्या पंपात दाब शेकड्यांत होता. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं तिथे, तो सोळाशे ते दोन हजार बार आणि त्याच्याही वर जातो. चालू इंजिनावर तो नट सैल केला तर सुटणारी डिझेलची धार हातमोज्यातून, कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल पसरत जातं. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हात काढावा लागतो. जुने मिस्त्री हुशार असूनही नव्या गाड्यांत चाचपडतात त्याचं कारण इथं आहे. त्यांचे हात ज्या सवयींवर घडले त्याच सवयी आता मोडायच्या आहेत.

धूरही गेला. १ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुरासाठीचं बीएस-६ हे मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरला काजळी अडवणारा फिल्टर आला. इंजिन आत कितीही काळं जळत असलं तरी बाहेर काही दिसत नाही. काजळी फिल्टरमध्ये साठत राहते. आता बघायचा असतो फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. मोठ्या गाड्यांना जोडीला युरियाचं द्रावण लागतं, साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजविरहित पाणी. कुणीतरी पैसे वाचवायला शेतातला युरिया नळाच्या पाण्यात कालवतो, मग फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरे खडे जमतात आणि धूर शुद्ध करणारा, लाखाच्या घरातला कॅटॅलिस्ट खराब होतो. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले, म्हणजे कॉमन रेल आता बांधावर आलंय.

माझा भाचा आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक ट्रेडचा. अण्णांच्या दुकानाला लागून त्याचं गॅरेज. तिथे मी कागद घ्यायला गेले असताना एक पिकअप ओढून आणली होती. तक्रार अशी की सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पण वीस-पंचवीस किलोमीटर पळून गरम झाली आणि बंद केली की पुन्हा चालू होत नाही. गार झाली की होते. एका गॅरेजनं गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून त्यानं नोंदवलेल्या बिघाडाचा कोड काढला होता, पी००८७, रेल प्रेशर कमी. म्हणून त्यांनी हाय प्रेशर पंप बदलला. पंचेचाळीस हजार गेले, तक्रार तशीच.

भाच्यानं स्कॅनर लावला तेव्हा कोड तोच आला. मग त्यानं सेल्फ मारायला सांगून नुसता आकडा बघितला. प्रेशर एकशेवीस-तीसच्या पुढे सरकत नव्हतं. साधारण दोनशे बार झाल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही, त्यामुळे इंजिन नुसतं फिरत होतं. इथपर्यंत आधीचं गॅरेजही पोचलं असणार. पण कोड एवढंच सांगतो की दाब कमी आहे. पंप कमी देतोय की दिलेलं कुठे गळतंय, ते कोड सांगत नाही. गरम झाल्यावरच का, हा धागा भाच्यानं धरला. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून जास्त निसटतं.

त्यानं चारही इंजेक्टरांच्या रिटर्नच्या नळ्या काढल्या, त्यांच्या जागी सलाइनच्या पारदर्शक नळ्या लावल्या आणि त्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या. सेल्फ मारला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत तळाला जेमतेम ओल आली. तिसरीत डिझेल चढत गेलं. पंप जे रेलमध्ये भरत होता ते तिसऱ्या इंजेक्टरमधून सरळ टाकीकडे परत जात होतं. मी हिशेबाची बाई, पण त्या चार बाटल्या बघून मला अण्णांची सहा मापं दिसली. बेंच नव्हता, गाडी जागच्या जागी उभी होती, आणि तरी तेच काम झालं होतं. सिलिंडर समोरासमोर ठेवून कुणाचं माप चुकतंय ते बघायचं.

भाच्यानं बाटल्यांचा फोटो काढला, कागदावर चार आकडे लिहिले आणि गाडीमालकाला म्हणाला, ‘तपासणीचे पंधराशे.’

मालक साठीचे, मसूरकडचे. म्हणाले, ‘आरं, इतक्यात झालं की. अन् पंधराशे? काम तर काय केलंच न्हाईस अजून.’

‘मामा, काम हेच हुतं. ही तपासणीची फी. इंजेक्टर माझ्याकडं करा न्हाईतर दुसरीकडं करा, मला चालंल. कागद तुमचा.’

त्यांनी पैसे दिले, कुरकुरत दिले, आणि इंजेक्टर खरंच दुसरीकडे ओळखीच्या माणसाकडून करून घेतला. तिथे नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या डोक्यावरचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरलाच नाही, म्हणून गाडी आयडलला, नुसती जागेवर चालू ठेवली की, थरथरायला लागली. मग फोन आला तो भाच्यालाच. त्यानं कोड भरून दिला आणि त्याचेही पैसे घेतले. मला ह्या प्रसंगातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की भाच्याला खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. इंजेक्टर विकून पोट भरायचं असतं तर एक गेलाय म्हणण्याऐवजी ‘चारही टाका, मामा’ म्हणणं सोपं होतं. असं म्हणणारे आहेत आणि ते सगळे लबाड नाहीत. त्यांच्या बिलात शोधण्याला जागा नाही, एवढंच.

ज्या धंद्यात यंत्र उभं राहण्याची किंमत मालकाला पाठ असते, तिथे ही भानगड येतच नाही. आमच्या भागात नोव्हेंबरपासून ऊसतोडणी यंत्रांचा हंगाम असतो. यंत्र कोटीच्या घरातलं, वर बँकेचा हप्ता, मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत, कारखान्याची तोड ठरलेली. रात्री एकला फडातून फोन येतो, ‘इंजिन तापतंय, ताकद सोडतंय.’ भाचा आधी फोनवरच विचारतो : किती वेळानं तापतंय, रिकामं फिरवलं तरी तापतं का, जाळी धुतली का. धुतली म्हणतात. ‘दोन्हींच्या मधली?’ इथे बहुतेक वेळा गप्प होतात. पुढे ऑइल कूलर आणि मागे रेडिएटर, दोघांच्या मधल्या फटीत पाचटाचा भुगा बसून त्याचा नमदा झालेला असतो. बाहेरून सगळं लखलखीत. कधी एवढ्यावर फोनवरच काम होतं, कधी गाडी काढावी लागते. जायचं झालं तर येण्याजाण्याचे, रात्रीचे आणि तासाचे असे वेगवेगळे दर ठरलेले आहेत, आणि तो फडातून परत निघण्याआधी मोबाइलवर पैसे आलेले असतात. घासाघीस नाही. हंगामात त्याची झोप होत नाही, आणि त्या पाच महिन्यांत तो जे मिळवतो त्यावर वर्षाचा बराच भाग निभतो.

माझ्यासमोरच्या वह्यांवरून सांगते, नावं न घेता. हेल्पर म्हणून लागलेल्या पोराला आमच्याकडे आठ-दहा हजार मिळतात. आयटीआय झालेला, शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लागलेला नवा मुलगा पंधराच्या आसपास. पाच-सहा वर्षं कॉमन रेल आणि वायरिंगवर हात बसलेला, स्कॅनरचे आकडे वाचता येणारा कारागीर चाळीस-पन्नासला सहज टिकतो, कारण तो सोडून गेला तर मालकाचं शटर खाली येतं. आणि ज्यांचं स्वतःचं इंजेक्टरचं दुकान किंवा हार्वेस्टर-जेसीबीचं फिरतं काम आहे, त्यांचा सगळा खर्च जाऊन महिन्याला लाखाच्या वर राहतो. सगळ्यांचा नाही. पण ज्यांचा राहतो त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे, ते आकडे लिहून ठेवतात.

पहिली चार वर्षं मात्र कठीण, हे लपवण्यात अर्थ नाही. दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड एका वर्षाचा, मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली उमेदवारी. तिचं किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे महिन्याला पाच ते नऊ हजार ठरवलं. शेजारचा मुलगा तेवढ्यात डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून दुप्पट कमावताना दिसतो. बहुतेक घरांत पोरगा इथेच गळतो. वडील म्हणतात, एवढं शिकून काळे कपडे आणि आठ हजार. त्या वडिलांना पुढची वर्षं दाखवणारं कुणी भेटत नाही.

दुसरा दोष धंद्याच्या आतला आहे. आपल्याकडे वस्तादानं शिकवायचं नसतं, पोरानं चोरून बघायचं असतं, अशी रीत. टायमिंग लावताना पाठ फिरवून लावणारे मिस्त्री मी पाहिलेत. दोन-दोन वर्षं नुसतं पार्ट धुणारी पोरं पाहिलीत. अण्णा ह्याच्या विरुद्ध. त्यांच्या दुकानात एक वही असायची. कोणता पंप, कोणत्या गाडीचा, आला तेव्हाची मापं, गेला तेव्हाची मापं, आणि काय केलं. वही पोरानं लिहायची. अक्षर वाईट असलं तरी चालेल, आकडा खोटा चालणार नाही. लिहिता लिहिता पोराला कळायचं की अमुक गाडीचा पंप कायम ह्याच जागी झिजतो. त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी एकजण आखातात जनरेटरवर आहे, दोघांची स्वतःची दुकानं आहेत. वही तिघांकडेही आहे.

नव्या गाड्यांची वायरिंगची चित्रं, दुरुस्तीची मॅन्युअलं सगळी इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या, हातात देवानं कला दिलेल्या मुलाला ‘डिफरन्शियल प्रेशर’ (दोन बाजूंच्या दाबातला फरक) हे नाव आधी दटावतं, मग कळतं. हे कुणीतरी मनावर घेऊन मराठीत आणायला हवं. आयटीआयच्या निदेशकांपैकी काहीजण स्वतःच्या वेळात अशा नोट्स काढून मुलांना देतात, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

मुलींबद्दल एक सांगते. मला बेंचवर बसायचं होतं. कुणी नाही म्हणालं नाही, कारण विषयच कधी निघाला नाही. मी कॉमर्सला गेले आणि अण्णांचे हिशेब लिहायला लागले. आता माझ्याच एका गिऱ्हाइकाच्या दुकानात इंजेक्टर खोलायच्या काचेच्या खोलीत एक मुलगी काम करते. ते काम ताकदीचं नाहीच. टोपी घालून, हात धुऊन, धूळ येऊ न देता, मायक्रॉनच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, मोजून बसवायचं काम. कॉमन रेलनं धंद्यातला घणाचा भाग कमी केला आणि नजरेचा वाढवला. मुलींना ही खिडकी उघडली आहे हे त्यांच्या आयांना कळायला हवं.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून माझ्याकडे त्याची चौकशी करणारे येतात. तिकडे वाहन दुरुस्तीचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, थोडं शाळेत, बरंचसं वर्कशॉपमध्ये, आणि शिकतानाही पगार. जायचं त्यानं जरूर जावं, भाषा पक्की करून. पण मला त्यातलं एकच इकडे हवंय : शोधायला लागलेला वेळ तिथे कामात धरतात.

आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर काय, असं विचारतात. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला नगर-पुणे धावली होती. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला एसटीची ‘शिवाई’ ही इलेक्ट्रिक बस सुरू झाली. आयटीआयमध्येही इलेक्ट्रिक वाहनाचा ट्रेड आलाय. पण फडातलं यंत्र, बोअरची गाडी, जेसीबी, दवाखान्याचा जनरेटर, घाट चढणारा ट्रक, हे इतक्यात डिझेल सोडत नाहीत. आज आकडे वाचायला शिकलेला मुलगा उद्या बॅटरीचे व्होल्टेजही वाचेल. ज्यानं नुसता पार्ट बदलायला शिकलंय त्याची मला काळजी वाटते, आणि ती आजही वाटते.

माझ्या परीनं मी एक करते. ज्यांचे हिशेब माझ्याकडे आहेत त्यांच्या बिलात ‘तपासणी व निदान’ अशी वेगळी ओळ घालायला लावते. सेवेचा कोड ९९८७, कर अठरा टक्के. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या स्पेअरवरही अठराच झाले, त्यामुळे पैसे इकडून तिकडे सरकवण्यात करापुरतं काही उरलेलं नाही. काहींनी लगेच घातली. काहींनी घातली आणि गिऱ्हाइकांनी तोंड वाकडं केल्यावर काढली.

एका जुन्या मिस्त्रींशी माझा अजून वाद चालू आहे. अण्णांच्या वेळचे. धूर वाचणारे, आणि ह्या वयात पोराकडून स्कॅनर शिकून घेतलेले. त्यांनी बाहेरच्या तालुक्यातल्या गाड्यांना पाचशे फी लावली, ओळखीच्यांना नाही. आणि काम त्यांच्याकडेच केलं तर ती फी बिलातून वजा करतात. मी म्हटलं, ‘काका, वजा करू नका. वजा केली की शोधणं पुन्हा फुकट झालं.’ ते म्हणतात, ‘पोरी, काम दिलं त्याच्याकडनं दोनदा कसं घ्यायचं?’ मी म्हणते दोनदा नाही, ती दोन कामं आहेत. मागच्या आठवड्यात त्यांनी अडीचशे वजा केले आणि बिल माझ्याकडे पाठवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहोत.